बाणाची नळी आणि जेटचे पाते

म्हैसूर शहराच्या ईशान्येस सुमारे पंधरा किलोमीटरांवर कावेरी नदीला दोन फाटे फुटतात व थोड्या अंतराने ते पुन्हा एक होतात. मधल्या बेटावर श्रीरंगपट्टण वसलेले आहे. हैदरअली व टिपू सुलतान यांची ही राजधानी. शाळांच्या सहली येथे येतात, दर्या दौलत बागेच्या भिंतीवरील लढाईचे चित्र पाहतात आणि जगातील अग्निबाणांचा, किंबहुना जेट विमानांचासुद्धा, जन्म याच भूमीत झाला असे ऐकून परत जातात. हे विधान अर्धे खरे आहे. परंतु त्यातील जो अर्धा भाग खरा आहे, तो आपण मुलांना सांगत नाही. आणि जो सांगतो, तो खरा नाही. जेट इंजिन आपणांस अद्याप का साधलेले नाही, याचे उत्तर त्या न सांगितलेल्या भागात आहे असे मला वाटते. टिपूच्या राज्यकारभाराविषयी मते भिन्न आहेत व पुढेही राहतील. येथे विचार करावयाचा आहे तो त्याच्या बाणाच्या नळीचा.

अग्निबाण हा काही म्हैसूरचा शोध नव्हे. तो चीनमध्ये कित्येक शतके आधीपासून होता. मोगलांच्या फौजांत होता आणि मराठ्यांच्याही होता. बखरींत व जुन्या पत्रांत लढाईचे वर्णन वाचताना तोफा आणि बंदुका यांच्याबरोबर 'बाण' असा शब्द येतो, तेव्हा तो धनुष्यावरून सुटलेला बाण असतो असे नाही. पुष्कळदा तो दारूच्या जोराने उडणारा बाण असतो. हैदरअलीचा पिताही अर्काटच्या नवाबाच्या पदरी पन्नास बाणदारांचा नायक होता. तेव्हा कल्पना जुनी होती. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारूही जुनीच होती. म्हैसूरने नवे केले ते इतकेच की, कागदाच्या किंवा बांबूच्या नळीऐवजी मऊ लोखंडाची घडीव नळी वापरली. वीतभर लांबीची, एका तोंडाशी बंद केलेली ही नळी लांब बांबूला किंवा तलवारीच्या पात्याला चामड्याच्या वादीने बांधलेली असे. एवढ्याने काय झाले हे नीट समजले, तर पुढचे सारे सोपे आहे.

बंद नळीत दारू पेटली म्हणजे तापलेला वायू निर्माण होतो आणि तो सर्व बाजूंनी सारखाच दाब देतो. डाव्या भिंतीवरील दाब उजव्या भिंतीवरील दाबाने फिटतो. पुढच्या बंद टोकावर जो दाब पडतो तो मात्र फिटत नाही, कारण त्याच्या समोर, मागच्या बाजूस, भिंतच नसते. तेथे भोक असते. त्या भोकातून वायू मागे धावतो आणि नळी पुढे रेटली जाते. बाहेरच्या हवेचा या रेट्याशी संबंध नाही. मागे सुटलेला झोत मागच्या हवेवर आपटतो व तिचा टेकू घेऊन बाण पुढे जातो, ही समजूत फार रुळलेली आहे. चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडीही ती येते. ती खरी असती तर निर्वात अवकाशात अग्निबाण जागच्या जागी थांबले असते. रेटा लागतो तो आतल्या आत, नळीच्या बंद टोकावर. आणि तो किती लागेल हे आतील वायूचा दाब किती चढू शकतो यावर ठरते. कागदाची नळी थोड्याच दाबाला फुटते. लोखंडाची नळी टिकते. ती टिकते म्हणून तीत दारू अधिक घट्ट ठासता येते, दाब अधिक चढतो, झोत अधिक वेगाने सुटतो आणि बाण लांब जातो. म्हैसूरचे बाण एक किलोमीटरपर्यंत, काही त्याहूनही दूर जात. दारू तीच, नियम तोच. बदलला तो धातू.

या बाणांचा प्रत्यय इंग्रजांना १७८० मध्ये पोल्लिलूर येथे आला. कर्नल बेली याच्या तुकडीचा तेथे पराभव झाला, आणि तिच्या दारूगोळ्याच्या गाड्यांचा जो स्फोट झाला तो बाणांनीच घडवला असे पुष्कळ इतिहासकार मानतात. दर्या दौलतीच्या भिंतीवरील चित्र याच लढाईचे आहे. १७९१–९२ च्या मोहिमेत इंग्रज व निजाम यांच्या बरोबर मराठेही म्हैसूरवर चालून गेले होते; हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा या मुलखात होत्या, म्हणजे या बाणांची ओळख आपल्या लोकांनाही चांगली होती. एप्रिल १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणाजवळच्या सुलतानपेठच्या आमराईत रात्रीच्या अंधारात बाण व बंदुका यांच्या माऱ्याने आर्थर वेलस्ली याची तुकडी उधळली गेली. पुढे चारच वर्षांनी असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव करणारा आणि कालांतराने ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजलेला तो हाच. परंतु ती एक रात्र होती. ४ मे १७९९ रोजी किल्ला पडला आणि विजेत्यांच्या हाती शेकडो भरलेले बाण व हजारो रिकाम्या नळ्या लागल्या.

येथून पुढची हकीकत मला अधिक बोधक वाटते. विल्यम काँग्रीव्ह या इंग्रजाने १८०४ च्या सुमारास वूलिच येथील शस्त्रशाळेत बाणांवर प्रयोग सुरू केले. म्हैसूरचे बाण तेथे पोहोचले होते. दोन तर आजतागायत इंग्लंडात जतन केलेले आहेत. काँग्रीव्हने नवा नियम शोधला नाही. त्याने दारूच्या निरनिराळ्या मिश्रणांचे वजन केले, दारू भरण्यासाठी यंत्रे बसवली, एकाच मापाच्या नळ्या करवल्या, प्रत्येक बाण किती दूर गेला ते मोजले, आणि हे सारे लिहून छापले. १८०६ मध्ये बूलोनवर व १८०७ मध्ये कोपनहेगनवर हे बाण पडले. म्हैसूरच्या लोहाराला त्याची नळी का टिकते हे हाताला ठाऊक होते. वूलिचला ते कागदावर उतरले. हाताचे ज्ञान त्या माणसाबरोबर जाते. श्रीरंगपट्टणात हजारांवर बाणदार होते, त्यांच्यामागे नळ्या घडवणारे कितीतरी हात असले पाहिजेत. त्यांपैकी एकाचेही नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही आणि त्यांनी वापरलेल्या मापांची वही आपल्यापाशी नाही. भारतीय दृष्टीने या विषयाचा साक्षेपी अभ्यास रोद्दम नरसिंह या बंगळूरच्या विमानशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये केला, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी.

आता जेट इंजिनाकडे वळू. अग्निबाण आणि जेट ही भावंडे आहेत, पण एक नव्हेत. अग्निबाण जळण्यास लागणारा ऑक्सिजन बरोबर घेऊन निघतो. दारूतील सोरा हे त्याचे भांडार होय. जेट इंजिन ऑक्सिजन वाटेतील हवेतून घेते, म्हणून त्याला हलका प्रवास घडतो. पण हवा नसेल तेथे ते निरुपयोगी ठरते. त्याची रचना एका लांब, दोन्ही टोकांना उघड्या नळीसारखी असते. पुढच्या तोंडातून हवा आत येते. तेथे एकामागे एक बसवलेली पात्यांची चक्रे तिला दाबत दाबत आत ढकलतात. या भागास दाबयंत्र म्हणू. पहिल्या जेट इंजिनांत हवेचा दाब चौपटीच्या आसपास जाई. आजच्या मोठ्या प्रवासी विमानांत तो तीसचाळीसपट होतो. दाबलेली, त्यामुळेच तापलेली हवा ज्वलनकक्षात शिरते. तेथे रॉकेलसारख्या इंधनाचे बारीक तुषार तिच्यात उडत असतात व अखंड ज्योत पेटलेली असते. हवा एकाएकी फुगते आणि मागच्या बाजूने बाहेर पडू पाहते. पण बाहेर पडण्यापूर्वी तिला एक काम करावे लागते. तिच्या वाटेत टर्बाइन हे आणखी एक पात्यांचे चक्र असते. पवनचक्की वाऱ्याने फिरावी तसे ते या झोताने फिरते, आणि पुढचे दाबयंत्र त्याच दांड्यावर असल्याने तेही फिरत राहते. उरलेल्या जोरानिशी वायू मागच्या तोटीतून सुटतो.

उघड्या नळीत वायू पुढच्या तोंडाने का निसटत नाही, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. उत्तर असे की, पुढून येणाऱ्या हवेचा दाब सतत टिकवून दाबयंत्रच बंद टोकाचे काम करते. म्हैसूरच्या नळीला एका बाजूने लोखंडाचे बूच होते. जेटला फिरत्या पात्यांचे बूच आहे. हे बूच क्षणभर ढिले पडले तर काय होते ते वैमानिकांना ठाऊक आहे: इंजिन तोफेसारखा आवाज करते व ज्वाळा पुढच्या बाजूने बाहेर येतात.

रेटा किती लागतो याचा हिशेब आठवीचा मुलगा करू शकेल. समजा, विमान सेकंदाला २५० मीटर वेगाने चालले आहे आणि त्याचे इंजिन दर सेकंदास १०० किलोग्राम हवा घेऊन ती ७५० मीटर वेगाने मागे सोडते. हवेचा वेग ५०० मीटरांनी वाढला. १०० गुणिले ५०० म्हणजे ५०,००० न्यूटन, सुमारे पाच टन वजनाइतका रेटा. इंधनाचे वजन या हिशेबात फारच थोडे असते, ते सोडून दिले तरी चालते. हाच रेटा थोडी हवा फार वेगाने फेकून मिळवता येतो, किंवा पुष्कळ हवा बेताच्या वेगाने लोटून. दुसरा मार्ग स्वस्त पडतो, म्हणून प्रवासी विमानांच्या इंजिनांना पुढे तो प्रचंड पंखा असतो व बरीचशी हवा ज्वलनकक्षात न जाता बाजूनेच मागे जाते.

इतके समजण्यास एक तास पुरतो. मग राष्ट्रेच्या राष्ट्रे या यंत्रापुढे का अडतात? फ्रँक व्हिटल या इंग्रज तरुणाने १९३० मध्ये आपल्या कल्पनेचे पेटंट मागितले. त्याचे इंजिन प्रथम फिरले ते १९३७ मध्ये आणि विमान उडाले १९४१ मध्ये. जर्मनीत हान्स फोन ओहाइन याचे इंजिन बसवलेले विमान ऑगस्ट १९३९ मध्येच उडाले. महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनी जेट लढाऊ विमाने रणांगणावर आणली, तेव्हा त्यांच्या आराखड्यात उणे काही नव्हते; उणे होते निकेल आणि क्रोमियम. या धातूंच्या टंचाईमुळे ज्वलनकक्ष साध्या पोलादाचा करून त्यावर ॲल्युमिनियमचा लेप द्यावा लागला आणि इंजिने दहा ते पंचवीस तासांत निकामी होऊ लागली. इंग्रजांपाशी त्याच सुमारास निकेलची निमोनिक नावाची मिश्रधातू तयार झाली होती. नियम दोघांनाही सारखाच ठाऊक होता.

ज्वलनकक्षातून निघालेल्या वायूचे पहिले भक्ष्य म्हणजे टर्बाइनचे पाते. आजच्या इंजिनात हा वायू सुमारे १,६०० अंश सेल्सियसपर्यंत तापलेला असतो, आणि ज्या निकेल-मिश्रधातूचे ते पाते केलेले असते ती १,३५० अंशांच्या आसपासच वितळू लागते. शिवाय ते मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेत असते, त्यामुळे बोटभर लांबीच्या पात्यावर काही टनांची ओढ बसते. वितळण्याच्या तापमानापेक्षाही अधिक तापलेल्या वाऱ्यात, टनावारी ओझे लटकवून, हजारो तास त्याने आपला आकार केसभरही बदलू द्यावयाचा नाही! हे साधते ते असे. पाते आतून पोकळ असते. दाबयंत्रातील थोडी हवा त्याच्या पोटातून खेळवतात व बारीक छिद्रांतून बाहेर काढतात, म्हणजे पात्याभोवती त्या मानाने थंड हवेचे पातळ पांघरूण तयार होते. वरून मातीच्या भांड्यांच्या जातीचा, उष्णता अडवणारा लेप असतो. आणि तिसरी गोष्ट त्याहून आश्चर्याची. धातूचा कोणताही तुकडा खडीसाखरेच्या ढेपेप्रमाणे असंख्य स्फटिककणांचा बनलेला असतो. फार तापमानात तो तुटतो तो या कणांच्या सांध्यांशी. म्हणून संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे ओततात. साच्याच्या तळाशी धातू गोठू लागला की वर वाढणाऱ्या कणांना एका नागमोडी बोळातून जावे लागते. त्यातून एकच कण पुढे निघतो, आणि साचा भट्टीतून अत्यंत सावकाश खाली ओढीत गेले की तोच एक कण वाढत वाढत सारे पाते व्यापतो.

हे ओतकाम मेणाच्या साच्याने होते. आधी पाते मेणाचे करायचे, त्यावर मातीसारख्या द्रव्याचे थर चढवायचे, मेण वितळवून काढायचे आणि पोकळीत धातू ओतायचा. आपल्याकडे देवांच्या पंचरशी मूर्ती याच रीतीने ओतल्या जात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकातील मानसोल्लास ग्रंथात ही कृती लिहून ठेवली आहे. यावरून जेट इंजिन आपल्या पूर्वजांना ठाऊक होते असे कोणी कृपा करून म्हणू नये. इतकेच म्हणावे की, ओतारी आणि लोहार यांचे काम हे विज्ञानाबाहेरचे काम नव्हे.

ही तिन्ही कामे ज्याला साधली नाहीत, त्याच्या विमानाचे काय होते ते आपल्याच देशात पाहावे. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला. जमीन आणि भांडवलाचा वाटा संस्थानाने दिला. त्याच कारखान्यात विष्णु माधव घाटगे या मराठी अभियंत्याने, ज्यांनी जर्मनीत गटिंगेन येथे प्रांड्टल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली होती, स्वतंत्र भारताचे एचटी-२ हे शिकाऊ विमान रचले. ते १९५१ मध्ये उडाले. १९६४ मध्ये त्यांचेच किरण हे जेट विमान उडाले. दोन्ही विमाने आपली. दोहोंची इंजिने इंग्रजांची. जर्मन रचनाकार कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले मरुत हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी उडाले. त्याचा सांगाडा ध्वनीहून अधिक वेगासाठी आखला होता. पण त्यासाठी हवे असलेले जोरदार इंजिन इंग्लंडने अर्ध्यावर सोडले, दुसरीकडून मिळवण्याचे प्रयत्न फसले, आणि सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडणे मरुतला कधीच जमले नाही. दुसऱ्याच्या घरातील एका निर्णयाने आपल्या विमानाची उंची ठरली.

यावर उपाय म्हणून १९८९ मध्ये बंगळूरच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेस नव्या जेट इंजिनाचे काम मंजूर झाले. त्याला नाव दिले कावेरी. इंजिन १९९६ मध्ये प्रथम फिरले. परंतु ठरल्यापेक्षा ते वजनाने अधिक व रेट्याने कमी भरले. तेजस विमान २००१ मध्ये अमेरिकन इंजिनावर उडाले आणि २००८ मध्ये कावेरीची त्या विमानाशी असलेली गाठ सोडण्यात आली. उंचावरील विरळ हवेत इंजिन कसे वागते हे तपासण्याची सोय देशात नव्हती, म्हणून ते रशियाला न्यावे लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये तेथे एका मालवाहू विमानाला लावून ते उडवून पाहिले. ज्यांनी हे काम केले त्यांची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झाली. मला ती अन्यायाची वाटते. धातू, ओतकाम, लेप आणि चाचणीची साधने यांचा पाया ज्या देशांनी १९४० पासून घातला, त्यांच्याशी बरोबरी आपण एका योजनेच्या मुदतीत मागत होतो. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने एकस्फटिक पाती ओतण्याची विद्या हस्तगत केली आणि हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी साठ पाती २०२१ मध्ये कारखान्याच्या स्वाधीन केली. वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानावर आली. माझ्या मते त्या वर्षातील मोठ्या बातम्यांपैकी ती एक होती.

म्हणून शाळांविषयी थोडे लिहितो. आपल्या वर्गांत क्रिया-प्रतिक्रियेचा नियम पाठ होतो, फुगा सोडून दाखवला जातो आणि जेट इंजिन 'झाले' असे समजून पान उलटले जाते. नियम शिकवू नये असे कोण म्हणेल? नियमावाचून व्हिटलला पहिली रेघही काढता आली नसती. पण फुग्याच्या प्रयोगात रबराचा प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि खरा प्रश्न रबराचाच आहे. एक लोखंडी व एक तांब्याची तार सारख्याच ज्योतीवर धरून, खाली सारखेच वजन टांगून, कोणती किती लांबली हे पट्टीने मोजण्यास कोणती प्रयोगशाळा लागते? गावच्या लोहारसाळेत एक तास बसून लाल, नारिंगी आणि पांढऱ्या तापाचे लोखंड हातोड्याखाली कसे निरनिराळे वागते हे पाहून वहीत उतरवण्यास कोणते अनुदान लागते? हात काळे होतील, एवढेच. आमच्याकडे जे हात काळे करतात त्यांना शाळेत विज्ञान शिकवीत नाहीत, आणि ज्यांना विज्ञान शिकवतात त्यांना हात काळे करू देत नाहीत. ही जुनी खोड श्रीरंगपट्टणाच्या काळीही होतीच. आपल्या वाचनालयांतही विमानांची रंगीत पुस्तके कपाटभर सापडतात, पण मिश्रधातू किंवा ओतकाम या विषयांवर मराठीत लिहिलेले, शाळकरी मुलाला झेपेल असे पुस्तक शोधू गेल्यास ग्रंथपाल विचारात पडतो.

शिवमोगा जिल्ह्यातील नगर, म्हणजे जुने बिदनूर, येथील किल्ल्याच्या परिसरातील एका कोरड्या विहिरीत २०१८ मध्ये सुमारे एक हजार लोखंडी बाण सापडले. वीत-दीड वीत लांबीच्या, गंजलेल्या, काहींत अद्याप दारू असलेल्या त्या नळ्या. म्हैसूरच्या बाणांचा एवढा मोठा साठा अन्यत्र मिळालेला नाही. त्यांतील एखादी मुलांसमोर ठेवता आली तर शिक्षकाने टिपूच्या लढायांचे सन विचारू नयेत. नळीची भिंत किती जाड आहे, पत्र्याचा सांधा कोठे आहे व तो कसा जोडला, मागचे भोक नळीच्या मानाने केवढे ठेवले आणि ते याहून मोठे किंवा लहान असते तर काय झाले असते, हे विचारावे. आणि हाताशी मोजपट्टी ठेवावी.